३/४ ही तारीख : विस्कॉन्सिनमधील एका वृद्ध ब्रिटिश बाईंचे प्रकरण

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरातील एका नेत्रचिकित्सालयात ७८ वर्षांच्या एका ब्रिटिश बाईंना डॉक्टरांनी सांगितले की, आता गाडी चालवणे थांबवा. तपासणीसाठी त्या स्वतःच गाडी चालवत जवळजवळ ऐंशी किलोमीटर आल्या होत्या. मिनरल पॉइंट या त्यांच्या गावापर्यंत जाणारी सोयीची बस नव्हती, नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता आणि सख्खी बहीण समुद्रापलीकडे इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये होती. त्यांनी गावातल्या वाचनालयात फोन केला. तिथून मला निरोप आला आणि आम्ही दोघी जणी मॅडिसनला गेलो. एकीने त्यांना घरी आणले, दुसरीने त्यांची गाडी.

मी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या स्वयंसेवी वाहनसेवेत काम करते. पुढचे सहा महिने या बाईंच्या कागदपत्रांत आणि येण्याजाण्यात माझा सहभाग होता. त्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत, परंतु घटनांचा क्रम आणि नियम जसेच्या तसे ठेवले आहेत. परदेशात म्हातारे होणाऱ्या माणसाची अडचण नेमकी कुठून सुरू होते, हे या प्रकरणातून जितके स्पष्ट दिसले तितके मला याआधी दिसले नव्हते, आणि आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आज अशाच परिस्थितीत आहेत, म्हणून ते सविस्तर मांडावेसे वाटले.

गाव आणि माणूस

मिनरल पॉइंट हे विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येला, आयोवा काउंटीत आहे. (आयोवा हे शेजारचे राज्य वेगळे, ही काउंटी विस्कॉन्सिनमध्येच येते.) वस्ती सुमारे अडीच हजार. १८३० च्या दशकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून खाणकामगार शिशाच्या खाणींसाठी इथे आले आणि त्यांनी आपल्या मुलखातल्यासारखी दगडी घरे बांधली. त्यांतली पेंडार्विस येथील घरे आता राज्याच्या इतिहास संस्थेकडे आहेत. आजही गावात पेस्टी मिळते. मांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमासारखा कंद भरलेली ही कानवल्याच्या आकाराची, पण तळहातापेक्षा मोठी भाजलेली करंजी. कॉर्नवॉलमधले रेडरुथ हे मिनरल पॉइंटचे भगिनी-गाव आहे. त्यामुळे कोणी ब्रिटिश इथे राहायला आले की गावाला ते आपल्याच माहेरचे वाटते. या बाई मात्र कॉर्नवॉलच्या नाहीत. त्या लँकेशायरच्या, म्हणजे तिथून उत्तरेला चार-पाचशे किलोमीटरवर असलेल्या गिरण्यांच्या मुलखातल्या. पेस्टी त्यांनी पहिल्यांदा खाल्ली ती विस्कॉन्सिनमध्ये. गावाने मोठ्या प्रेमाने दिलेले हे माहेर त्यांनी कधी नाकारले नाही.

१९९८ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, एका अमेरिकन विधुराशी लग्न करून त्या इथे आल्या. पुढे वाचनालयात त्यांनी पंधरा वर्षे अर्धवेळ काम केले. त्यांचे स्वयंपाकघर मी अनेकदा पाहिले आहे. ओट्यावर विजेची किटली असते आणि ती लावल्याबरोबर त्या दुसऱ्या कामाला लागतात, कारण अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या विजेवर किटली साधारण दीड हजार वॉटचीच असते आणि इंग्लंडमधल्या तीन हजार वॉटच्या किटलीपेक्षा पाणी उकळायला दुप्पट वेळ लागतो. किटलीशेजारी १९५३ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शाळेत मिळालेला मग आहे. त्यात पेनं उभी असतात. शुक्रवारी संध्याकाळी विस्कॉन्सिनभर हॉटेलांतून आणि क्लबांतून 'फिश फ्राय' असते, म्हणजे पिठात तळलेला मासा, बटाटे, कोबीची कोशिंबीर आणि राय ब्रेड. तिथे जाताना त्यांच्या पर्समध्ये माल्ट व्हिनेगरची छोटी बाटली असते, कारण माशावर लिंबाऐवजी ते शिंपडायची त्यांची लहानपणापासूनची सवय.

त्यांना कोणी पहिल्या नावाने हाक मारलेली आवडत नसे. अमेरिकेत दवाखान्यातली विशीतली मुलगीसुद्धा वृद्धांना नावानेच हाक मारते आणि त्यात अनादर नसतो. माझ्या मात्र आईच्या वयाच्या बाईंचे नुसते नाव तोंडून बाहेर पडेना, म्हणून मी 'मिसेस' लावून आडनावाने बोलू लागले. आमचे सूत जुळले ते बहुधा त्यामुळेच.

काय घडले

२०२३ मध्ये त्यांच्या डाव्या डोळ्याला मॅक्युलर डिजनरेशनचा 'ओला' प्रकार झाला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो आणि माणसांचे चेहरे ओळखतो, त्याच्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात. सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. बाईंना पहिल्यांदा जाणवले ते दाराची चौकट मध्येच फुगलेली दिसली तेव्हा. यावर डोळ्याच्या आत ठरावीक अंतराने इंजेक्शने द्यावी लागतात. सुरुवातीला ती दर चार आठवड्यांनी घ्यावी लागतात आणि त्यांत खंड पडू देणे धोक्याचे असते. २०२४ च्या शरद ऋतूत उजवा डोळाही बिघडू लागला. त्याच डोळ्याच्या बळावर त्या गाडी चालवत होत्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इंजेक्शन झाल्यावर चिकित्सालयाने त्यांना पुढच्या भेटीचे छोटे कार्ड दिले. त्यावर ३/४ अशी तारीख आणि सकाळी दहाची वेळ होती. वार लिहिलेला नव्हता. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात, म्हणजे ही तारीख ४ मार्च झाली. २७ वर्षे इथे काढलेल्या बाईंना हे माहीत नव्हते असे मुळीच नाही. पण त्यांची डायरी इंग्लंडची होती. बहीण दर नाताळला ती पाठवते. त्या दिवशी त्यांनी कार्डावरचा आकडा जसाच्या तसा डायरीच्या मागच्या टिपणांच्या पानावर उतरवला आणि कार्ड कुठेतरी ठेवले. चार दिवसांनी डायरी उघडली तेव्हा आपल्याच हस्ताक्षरातले ३/४ त्यांनी आपल्या पद्धतीने वाचले : ३ एप्रिल. मग ती भेट त्यांनी एप्रिलच्या पानावर नीट शाईने लिहून ठेवली. ते पान मी पाहिले आहे. अक्षर इतके ठाम आणि स्वच्छ आहे की कोणालाही शंका येऊ नये.

हाच आकडा मीसुद्धा ३ एप्रिल असाच वाचला असता. आपण आधी दिवस लिहितो, कारण आपल्या कचेऱ्यांनी ती पद्धत ब्रिटिशांकडूनच उचलली.

४ मार्चला त्या गेल्या नाहीत. चिकित्सालयाकडून ध्वनिमुद्रित फोन आला होता, पण एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फसवणुकीचे इतके फोन येतात की, यंत्राचा आवाज ऐकताच फोन ठेवायची सवय त्यांना आम्हीच लावली होती. ३ एप्रिलला त्या वेळेवर पोहोचल्या तेव्हा नोंदवहीत त्यांचे नाव नव्हते. त्यांना मध्येच घेऊन तपासले, तर उजव्या डोळ्यात नवा स्राव झालेला दिसला. तो खंड पडला नसता तर डोळा वाचला असता, असे डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणत नाही. हा आजार नेमाने उपचार घेऊनही वाढू शकतो. एवढे खरे की ती चार आठवड्यांची फट पडायला नको होती.

दुसरी गोष्ट मला त्या दिवशी कळली. मधल्या काळात एका नर्सने फोनवर त्यांची विचारपूस केली होती आणि नोंदीत 'रुग्णाला विशेष तक्रार नाही' असे लिहिले होते. प्रत्यक्षात बाईंना तोवर वर्तमानपत्राच्या ओळी तुटक दिसत होत्या. त्यांचे उत्तर होते, "नॉट टू बॅड." लँकेशायरच्या त्यांच्या पिढीत याचा अर्थ 'त्रास आहे, पण मी रडगाणे गाणार नाही' असा होतो. विस्कॉन्सिनमधल्या तरुण नर्सने तो शब्दशः घेतला. वेदना एक ते दहा आकड्यांत सांगा म्हटले की बाई नेहमी दोन किंवा तीन सांगत. आपल्याकडची म्हातारी माणसे विचारल्यावर "तसं बरं आहे हो" म्हणतात, तेव्हा त्यातल्या 'तसं'वर घरच्यांचे लक्ष जाते आणि पुढचा प्रश्न विचारला जातो. इथे 'तसं' ऐकणारे घरचे कोणी नव्हते.

या प्रकरणाचे मर्म मला इथे दिसते. माझी आई काही महिने इथे होती तेव्हा प्रत्येक दवाखान्याने पहिल्या मिनिटात विचारले की दुभाषा हवा का. या बाईंना २७ वर्षांत ते कोणी विचारले नाही आणि विचारण्याचे कारणही नव्हते, कारण त्या इंग्रजी बोलतात. भाषा एकच असली की दोन्ही बाजूंना वाटते सगळे समजले, आणि तारीख लिहिण्याचा क्रम, दुखणे सांगण्याची पट्टी, 'पेव्हमेंट' म्हणजे पदपथ की रस्ता, वजन पौंडांत की स्टोनमध्ये, असे बारीकसारीक फरक कोणाच्याच नजरेत येत नाहीत. तरुणपणी ते गमतीचे असतात. ऐंशीच्या घरात, एकटेपणी, औषधांच्या वेळापत्रकात ते महाग पडतात.

जावे की राहावे

गाडी बंद झाल्यावर पहिल्या महिन्यातच बहिणीने आग्रह धरला की परत ये. बाईंना मे महिन्यात ७९ पूर्ण होत होती. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला. त्याला तीन आठवडे लागले.

इंग्लंडच्या बाजूने सर्वांत ठोस गोष्ट होती बसचा पास. निवृत्तीचे वय झालेल्या व्यक्तीला इंग्लंडमध्ये स्थानिक बसचा प्रवास सुट्टीच्या दिवशी दिवसभर आणि इतर दिवशी सकाळी साडेनऊनंतर मोफत असतो. बहिणीच्या दारावरून बस जाते. मिनरल पॉइंटमध्ये दूध आणायला जायचे तरी चढाचा रस्ता, आणि जानेवारीत त्यावर बर्फ. आरोग्यसेवेचे म्हणावे तर, ब्रिटिश नागरिक कायमचे राहायला परतला की राष्ट्रीय आरोग्य सेवेचा हक्क त्याला लगेच मिळतो. नुसते पाहुणे म्हणून गेल्यास मात्र रुग्णालयातल्या तातडीच्या विभागापलीकडच्या बहुतेक उपचारांचे पैसे आकारले जातात. हा भेद बाईंना आणि त्यांच्या बहिणीलाही माहीत नव्हता. आयुष्यभर कर भरला म्हणजे हक्क आहेच, असे दोघी धरून चालल्या होत्या. तो हक्क कर भरण्यावर नसून तिथे राहण्यावर ठरतो. इकडे मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा 'ब' भाग आहे. २०२५ मध्ये त्याचा हप्ता महिना १८५ डॉलर होता, वर्षाला पहिले २५७ डॉलर स्वतःचे भरावे लागत, आणि मग इंजेक्शनांच्या खर्चाचे ८० टक्के तो देतो. अमेरिकेबाहेर मेडिकेअर जवळजवळ काहीच देत नाही.

पेन्शनचा भाग मी जरा थांबून सांगते, कारण तो मराठी वाचकांच्याही कामाचा आहे. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन जगात कुठेही मिळते, पण दरवर्षीची वाढ सर्व देशांत मिळत नाही. अमेरिकेत मिळते, कारण दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार आहे. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे मिळत नाही. तिथे रक्कम गोठते. २००६-०७ मध्ये, बाई साठीच्या झाल्या त्या वर्षी, मूळ निवृत्तिवेतनाचा पूर्ण दर आठवड्याला ८४.२५ पौंड होता. २०२५-२६ मध्ये तो १७६.४५ पौंड होता. इंग्लंडमध्ये नोकरी करून २००६ मध्ये पूर्ण पेन्शन घेत पुण्याला परतलेल्या माणसाला आजही ८४.२५ पौंडच मिळतात, आणि विस्कॉन्सिनला गेलेल्याला दुपटीहून अधिक. यात कोणाच्या श्रमाचा किंवा वर्गणीचा फरक नाही, फक्त पत्त्याचा आहे, आणि हा अन्याय आहे असे मी स्पष्टपणे म्हणते. बाईंची वर्षे कमी भरल्यामुळे त्यांना पूर्ण दर मिळत नाही, पण वाढ मिळते. अधूनमधून न्यूकॅसलच्या कार्यालयातून हयातीचा दाखला येतो. तो साक्षीदाराच्या सहीसह १६ आठवड्यांत परत पोहोचला नाही तर पैसे थांबतात. त्या वर्षीचा दाखला न भरलेला असाच टेबलावर पडून होता, कारण बारीक अक्षर त्यांना वाचता येत नव्हते आणि तसे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. तो आधी भरला.

नवरा गेल्यावर घरात येणाऱ्या अमेरिकेच्या दोन पेन्शनांपैकी मोठी तेवढी उरली. ती इंग्लंडला गेल्यावरही चालू राहते, त्यामुळे तो प्रश्न सुटला. पुढे कधी कायम देखभालीची गरज पडली तर? इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांपेक्षा अधिक मालमत्ता असेल तर वृद्धाश्रमाचा खर्च स्वतःच करायचा असतो, आणि इथले घर विकून आलेले पैसे त्यात मोजले गेले असते. अमेरिकेत मेडिकेअर तो खर्च उचलत नाही आणि मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी योजना उचलते तेव्हा हातात फारसे काही उरलेले नसते. या बाबतीत दोन्ही देश सारखेच कठोर निघाले.

मग बाईंनी स्वाभाविक तोडगा सुचवला : एक-दीड वर्ष तिकडे राहून पाहते, जमले नाही तर परत येते. याच ठिकाणी सगळे अडले. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड होते, नागरिकत्व नव्हते. ग्रीन कार्डधारक वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिला तर त्याने इथला वास्तव्याचा हक्क सोडला असे धरले जाते. आधी परतीचा परवाना काढता येतो, पण तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. म्हणजे ज्यांच्याजवळ परत येण्याचा मार्ग सर्वांत पक्का असायला हवा, त्यांचाच तो सर्वांत कच्चा होता.

नवऱ्याने वीस वर्षे सांगूनही त्यांनी नागरिकत्व घेतले नव्हते. कारण शपथ. तिच्यात परकीय राजा, सत्ताधीश, राज्य यांच्यावरील निष्ठा पूर्णपणे सोडल्याचे म्हणावे लागते. ब्रिटनचा कायदा या शब्दांमुळे आपले नागरिकत्व काढून घेत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिक झाल्याने ब्रिटिशपण जात नाही, ही तरतूद १९४८ च्या कायद्यापासूनची आहे. बाईंना ती माहीत होती. त्या म्हणाल्या, "कायद्याचं मला ठाऊक आहे. पण ती असताना माझ्या तोंडून ते शब्द निघाले नसते." ती म्हणजे राणी. मी टेबलावरच्या मगाकडे पाहिले आणि गप्प राहिले. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथ गेल्या, त्याला तेव्हा पावणेतीन वर्षे होत आली होती.

नागरिकत्वाचा तोटाही मी त्यांना सांगितला. अमेरिका आपल्या नागरिकांकडून ते जगात कुठेही असले तरी आयकराचे विवरणपत्र मागते. इंग्लंडला परतल्यावरही ते भरत राहावे लागेल. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि फॉर्म काढायला सांगितला.

पुढे

ऑगस्ट २०२५ मध्ये अर्ज ऑनलाइन दाखल झाला. शुल्क ७१० डॉलर. वय ६५ च्या वर आणि कायम वास्तव्य २० वर्षांहून अधिक असल्याने नागरिकशास्त्राचे फक्त वीस प्रश्न तयार करायचे होते. ते मी मोठ्या अक्षरांत छापून दिले. त्यात स्वातंत्र्यदिन केव्हा असतो हा प्रश्न होता. ४ जुलै हे उत्तर देताना त्यांनी मला सांगितले की २०२४ ची ब्रिटिश निवडणूक त्याच तारखेला झाली. देश सोडून १५ वर्षे झाली की मताचा हक्क जाई, ती अट जानेवारी २०२४ मध्ये उठली. २०१३ पासून गेलेले मत त्यांना परत मिळाले होते आणि बहिणीने त्यांच्या वतीने ते दिले होते. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

तारखांचे आम्ही पक्के केले. चिकित्सालयाने माझ्या विनंतीवरून त्यांच्या नोंदीत सूचना घातली की भेटीची तारीख नेहमी महिन्याचे नाव आणि वार लिहूनच द्यावी आणि आठवणीचा फोन माणसाने करावा. एवढ्यासाठी मला तीनदा जावे लागले. दुखण्याबाबत डॉक्टरांशी बोलून आकडा विचारणे बंद केले. आता नर्स विचारते की या आठवड्यात कोणते काम करता आले नाही. त्याचे उत्तर बाई अचूक देतात : सुईत दोरा ओवता आला नाही, पत्राचा पत्ता वाचता आला नाही, समोरून येणारी शेजारीण ओळखू आली नाही.

परतण्याचा निर्णय झालेला नाही. मार्ग मोकळा झाल्यावर त्या वसंत ऋतूत चार महिन्यांसाठी बहिणीकडे जाणार आहेत आणि मग ठरवणार आहेत. गाडी त्यांनी सप्टेंबरमध्ये वाचनालयातल्या सहकारिणीच्या नातवाला विकली. किल्ली देताना तेल केव्हा बदलले, मागचे उजवे चाक कधी बसवले, हे सगळे तोंडपाठ सांगितले.

आता दर चौथ्या आठवड्याला त्यांना मॅडिसनला मीच नेते. इथल्या गाड्यांत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे त्या उजवीकडे बसतात. गाडी त्या शिकल्या लँकेशायरमध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आणि तिथे चालकाची जागा उजवीकडे असते. उतारावर पुढची गाडी हळू झाली की त्यांचा उजवा पाय तळाशी ब्रेक शोधतो आणि रबरी पायपुसण्यावर दाबून राहतो, मी ब्रेक लावेपर्यंत.